चार पायांचा पाटा

आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या मावशी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयाच्या सहलीला यायला तयार नव्हत्या. "जुनी मडकी बघून मला काय करायचं, बाई? घरात काय कमी हाईत?" असं म्हणाल्या. मुली बऱ्याच होत्या, बरोबर बाईमाणूस मी एकटीच, म्हणून शेवटी माझ्या भिडेखातर आल्या. संग्रहालयात शिरल्यावरही त्या दाराजवळच मुलींच्या पिशव्या सांभाळत उभ्या होत्या. मी मुलांना हस्तिदंती बाहुलीपाशी घेऊन गेले. अशीच एक हस्तिदंती मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहराच्या राखेत 1938 साली सापडली, ते शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं, म्हणजे तेव्हा आपल्या भागातल्या वस्तू समुद्रापार जात होत्या, असं सगळं मी सांगितलं. तयारी करून गेले होते. मुलांनी माना डोलावल्या.

मागे वळून पाहिलं तर मावशींनी पिशव्या खाली ठेवलेल्या आणि त्या एका दगडापुढे वाकून उभ्या होत्या. सातवाहनांच्या काळातला पाटा होता तो. खाली चार बुटके पाय, वरून झिजून खोलगट झालेला.

"ह्याला पाय कशाला हाईत, सांगा बरं," त्यांनी जवळच्या दोन मुलींना विचारलं. कुणाला सांगता येईना. मावशींनी दोन्ही हातांत नसलेला वरवंटा धरला, कमरेतून पुढे झुकून एकदा रेटला. "वाटलेलं पुढं सरकत जातंय. पाटा भुईला टेकलेला असला की शेवटचं वाटण मातीत सांडतंय. पाय असले म्हंजे पुढनं खाली ताटली सरकवता येती." मग झिजलेल्या भागाकडे बोट केलं. "आन ही कडा बघा, डावीकडं जास्त गेलीय. डावरी असंल बाई. न्हाईतर उजवा हात दुखत असंल तिचा."

एव्हाना सगळी मुलं मावशींभोवती गोळा झाली होती. हस्तिदंती बाहुलीपाशी नुसत्या माना डोलावणारी मुलं आता प्रश्न विचारत होती. तिखट वाटायचे का? (तेव्हा मिरची आपल्याकडे आलेलीच नव्हती, एवढी भर मी घातली.) पाटा कुणी घडवला असेल? टाकी कोण लावून देत असेल? मावशी उत्तरं देत होत्या आणि मी ऐकत होते.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. संग्रहालय गावाच्या उपयोगी पडतं म्हणजे नेमकं काय होतं? मावशींना त्या खोलीत मिळालं ते काय होतं? इतिहासाची माहिती त्यांना कुणी दिली नव्हती. आपल्याला जे येतं त्याला दोन हजार वर्षांची सोबत आहे, आणि शिकलेल्या बाईंना जे वाचता आलं नाही ते आपल्याला वाचता येतं, हे त्यांना तिथे कळलं. परतीच्या एसटीत त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, आणि उतरेपर्यंत मुलींना पाट्याबद्दलच सांगत होत्या.

तेरचं संग्रहालय ज्या माणसाच्या नावाने आहे त्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. ते गावातलेच. तेर हे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर असल्याचं आणि तिथून जाडंभरडं कापड, तलम मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचं लिहिलेलं आहे. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या अभ्यासकाने 1901 साली मांडलं. पण तेरच्या पोरांना कुणी फ्लीट सांगितला नव्हता. त्यांना एवढंच ठाऊक होतं की पाऊस पडून गेला की गावच्या पांढरीवर मणी सापडतात. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी. तेरची पांढरी म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीची टेकाडं. पावसाच्या पाण्याने त्यांची माती वाहून गेली की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, शिशाची नाणी, मातीच्या बाहुल्या उघड्या पडत. लोक ते आणून लामतुऱ्यांना देत. त्यांनी ते जपलं. असं करत करत वीस हजारांहून जास्त वस्तू जमल्या आणि पुढे त्यांचं शासकीय संग्रहालय झालं.

मला यातली देवाणघेवाण महत्त्वाची वाटते. एखादं गुराखी पोर मुठीत काहीतरी धरून त्यांच्या दारात येत असेल, मूठ उघडत असेल, आणि समोरचा मोठा माणूस ते हातात घेऊन, उन्हात धरून, नीट बघत असेल. त्या पोराच्या आयुष्यात त्याच्या मुठीकडे इतक्या लक्षपूर्वक दुसरं कोण बघत होतं? हे संग्रहालय गावकऱ्यांच्या पायांनी उभं राहिलं आहे. लोक तिथे बघायला जाण्याआधी द्यायला गेले होते. गावातल्या संग्रहालयाची वहिवाट अशीच असावी, असं मला मनापासून वाटतं.

तेरलाच गोरोबाकाकांचं मंदिर आहे. संग्रहालय बघून झाल्यावर मुलांना तिकडे नेलं. आमच्या वर्गात कुंभाराचा एक मुलगा आहे. वर्गात फारसा बोलत नाही, गणितात मागे आहे. तेरची खापरं बघताना तो एका भांड्याच्या बुडाशी बराच वेळ रेंगाळला होता. मंदिराच्या पायरीवर बसल्यावर म्हणाला, "बाई, त्या बुडावर दोऱ्याच्या रेघा हाईत. चाकावरनं भांडं काढताना आमचे आजोबा असाच दोरा ओढतेत." गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट मी दर वर्षी सांगते. त्या दिवशी ती त्या पोराकडून सांगवून घेतली. थापटणं म्हणजे काय, कच्च्या आणि पक्क्या मडक्याचा आवाज कसा वेगळा येतो, ते त्याने पायरीवर बोटं वाजवून दाखवलं.

सगळीकडे असा अनुभव येत नाही. एका शहरातल्या संग्रहालयात आमची मुलं पंचेचाळीस मिनिटं फाटकाबाहेर उभी होती, कारण आत कुणी पाहुणे येणार होते. आत सोडल्यावर प्रत्येक दालनाच्या दाराशी "हात लावू नका, बोलू नका, पुढे चला." एका मुलीने काचेमागच्या अडकित्त्याकडे बघून "माझ्या आज्याचा असाच हाय" म्हटलं, तर तिथल्या माणसाने "मग आज्याकडेच बघ" असं सुनावलं. मुलगी गप्प झाली. मला आजही त्या माणसाचा राग येतो. "माझ्या घरी असंच आहे" हे वाक्य संग्रहालयाने हात जोडून ऐकायला हवं. तिच्या आज्याचा अडकित्ता कुठल्या गावच्या लोहाराने केला, त्यावरची चिमणी का आहे, हे त्या घराइतकं कुणालाच सांगता येणार नाही.

पुण्याच्या दिनकर केळकरांना हे कळलं होतं. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारा हा माणूस गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वज्र्या, दारं, बाहुल्या गोळा करत राहिला. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी त्या संग्रहालयाला दिलं. पाय घासायच्या वज्रीवर कुणीतरी मोर घडवला, तो मोर बघण्यासारखा आहे, असं त्यांना वाटलं म्हणून तर आज आपण तो बघतो. मात्र या भागातली वस्तू बघायला या भागातल्या माणसाने पुण्याला जायचं, याचं मला वाईट वाटतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 मध्ये बसमधलं फिरतं संग्रहालय सुरू केलं, ती बस शाळांच्या दारात जाते. हे फार चांगलं काम आहे. पण बस आली तरी ती संध्याकाळी निघून जाते. गावाला रोज उघडं असणारं दार लागतं.

आणि ते दार कधी उघडं असतं? सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. त्या वेळेत आमच्या मावशी चुलीपुढे असतात, त्यांची सून खुरपायला गेलेली असते, तिचा नवरा ट्रॅक्टरवर. बाजाराच्या दिवशी मात्र सगळा पंचक्रोशीचा माणूस तालुक्याला येतो, पिशव्या घेऊन झाडाखाली बसतो, एसटीची वाट बघतो. माझ्या हातात असतं तर मी प्रत्येक छोट्या संग्रहालयाचा मुख्य दिवस बाजाराचा दिवस ठेवला असता. प्यायचं पाणी, बायकांसाठी स्वच्छ मुतारी, बसायला सावली आणि पिशव्या ठेवायला जागा, एवढं असलं तरी बाया आत येतील. एकदा आत आल्या की पाट्यापाशी आपोआप थांबतील.

गरज विचारली तर काय निघेल, सांगता येत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरातल्या अनाकोस्टिया या काळ्या लोकांच्या वस्तीत 1967 साली एका जुन्या सिनेमागृहात स्मिथसोनियन या तिथल्या मोठ्या संग्रहालय-संस्थेने छोटं संग्रहालय उघडलं. त्याचे प्रमुख जॉन किनार्ड हे वस्तीत काम करणारे धर्मोपदेशक होते, संग्रहालयाचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. तिथल्या मुलांच्या बोलण्यातून सारखा उंदरांचा विषय निघायचा. घरात उंदीर, गल्लीत उंदीर, झोपेत चावणारे उंदीर. म्हणून 1969 मध्ये त्यांनी उंदरांवरच प्रदर्शन भरवलं, त्यात जिवंत उंदीरसुद्धा ठेवले. उंदीर कुठून येतात, कशाने वाढतात, कसे रोखायचे, सगळं दाखवलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. वस्तीला ज्याने झोप येत नाही, ते त्यांनी संग्रहालयाच्या मधोमध मांडलं.

आमच्या भागाला कशाने झोप येत नाही?

2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा आमच्या गावातल्या माणसांनी ट्रंका उपसल्या. आमचा भाग सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे कुणाकडे मोडीतले कागद निघाले, कुणाकडे उर्दूतले. पणजोबांच्या हातचा कागद छातीशी धरून माणसं तालुक्याला, जिल्ह्याला फिरत होती, आणि वाचणारा कुणी सापडत नव्हता. कागद घडीवर फाटत होते. काहींनी ते प्लास्टिकमध्ये घालून इस्त्री फिरवून बंद केले, त्यात शाई गेली. अशा वेळी जवळच्या संग्रहालयात आठवड्यातून एक दिवस मोडी आणि उर्दू वाचणारा माणूस टेबलामागे बसलेला असता, कागद सपाट कसा करायचा, कशात ठेवायचा, हे सांगणारं कुणी असतं, तर रांग लागली असती. कागद वाचून घ्यायला आलेला माणूस जाताना भिंतीवरची मोडी सनद थांबून बघतो, कारण आता ती त्याच्या आज्याच्या अक्षरासारखी दिसते.

दुसरी गोष्ट किल्लारीची. ती लिहिताना अजूनही हात जड होतो. 29 सप्टेंबर 1993 ला गणपतीचं विसर्जन झालं आणि 30 तारखेला पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मी तेव्हा शाळेत शिकत होते. आमच्या गावात भिंतींना चिरा गेल्या, माणसं वाचली. लातूर आणि आमच्या जिल्ह्याच्या सीमेवरच्या गावांत हजारो माणसं झोपेतच गेली. ती भूकंपाने गेली असं आपण म्हणतो, पण त्यांच्या अंगावर पडलं ते स्वतःचं घर होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये माती आणि दगडांचा चुरा, आणि दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड कुठेच नाही. वर माळवद, म्हणजे लाकडावर घातलेलं मातीचं सपाट छप्पर. पाणी गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी धाब्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, जुना काढायचा नाही. आजोबाने दिला, बापाने दिला, मुलाने दिला. छपराचं ओझं पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं. काही घरांत लाकडी खांबांवरचे खण तसेच उभे राहिले आणि भिंती मात्र ढासळल्या.

तेरच्या टेकाडात मणी जपून ठेवणारी आणि आमच्या डोक्यावर येऊन पडलेली माती एकाच जातीची आहे. हे मी मुलांना सांगते तेव्हा वर्गात एकदम शांतता होते, कारण आजही त्यांतली काही मुलं माळवदाच्या घरात झोपतात.

या भागातल्या संग्रहालयात एक भिंत कापून ठेवलेली असावी, असं मला फार वाटतं. खरी, दगडमातीची, आडवी कापलेली, म्हणजे आतला चुरा दिसेल. शेजारी तशीच दुसरी, पण दर काही फुटांवर आरपार दगड घातलेली. मुलांना दोन्ही ढकलून बघता याव्यात. बाजाराच्या दिवशी गावोगावच्या गवंड्यांना तिथे बोलवावं. भूकंपातून शिकलेले, आता साठीच्या पुढे गेलेले कितीतरी गवंडी अजून आहेत, त्यांनी दाखवावं. जुन्या घरात राहणाऱ्याने घराचा फोटो मोबाइलमध्ये आणावा आणि विचारावं, "ही चीर बघा, हिची भीती हाय का?" या एका प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं तरी त्या इमारतीचा खर्च वसूल झाला असं मी म्हणेन.

आणि हरवलेल्या गावांचं काय? भूकंपानंतर 52 गावं दुसरीकडे हलवली गेली. नवी घरं मिळाली, रस्ते सरळ आले, अंगणं मोठी झाली. जुन्या गावात मात्र कुणाच्या दारातून कुणाचं दार दिसायचं, वेशीपासून मारुतीपर्यंत किती घरं होती, आड कुठे होता, हे ज्यांच्या डोक्यात आहे ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती होती. वर्णद्वेषी सरकारने 1966 मध्ये ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि सुमारे 60,000 माणसांना तिथून हुसकलं. 1994 मध्ये तिथल्या एका चर्चमध्ये त्या वस्तीचं संग्रहालय उघडलं. त्यात जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा पसरलेला आहे आणि उठवलेल्या माणसांनी येऊन आपापलं घर होतं तिथे स्वतःच्या हाताने नावं लिहिली आहेत. तिथे माणसांनी हाकललं, इथे जमिनीने. दोन्ही दुःखं एका मापाची नाहीत, पण "माझं घर इथं होतं" असं बोट टेकवून सांगायची गरज सारखीच आहे. आपल्याकडे जुन्या गावाचा असा नकाशा घालायला काय लागतं? एक हॉल, सतरंजीएवढं कापड, रंग, आणि म्हाताऱ्या माणसांबरोबर बसायला महिनाभराचा वेळ.

शाळेत आमच्याकडे एक लोखंडी कपाट आहे. सहलीनंतर मी त्याचा खालचा कप्पा रिकामा केला आणि मुलांना सांगितलं, घरातल्या, शेतातल्या, जुन्या पडक्या वाड्यातल्या वस्तू आणा, पण घरच्यांना विचारून आणा आणि वस्तूची गोष्ट बरोबर आणा. एक शंभर पानी वही घातली. वस्तू, कुणाची, कुठे सापडली, कुणी दिली, गोष्ट. कुंभाराच्या पोराने आजोबांचं थापटणं आणलं आणि दोन दिवसांनी परत नेलं, कारण आजोबांना ते कामाला लागत होतं. मी वहीत तेही लिहिलं. कुणी तिफणीचं चाडं आणलं, कुणी लाखेची बांगडी. एका मुलीने काहीच नाही म्हणून आईच्या लग्नातली अत्तराची रिकामी बाटली आणली, नाकाशी धरली तर अजून वास येत होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मावशी मधल्या सुट्टीत आल्या. पदराआड काहीतरी होतं. त्यांची बहीण त्या 52 गावांपैकी एका गावात दिलेली आहे. पदर बाजूला करून त्यांनी टेबलावर एक मापटं ठेवलं. पत्र्याचं, एका बाजूने पूर्ण चेमटलेलं, तोंड वाकडं झालेलं. धान्य मोजायला आता ते कुठल्याच उपयोगाचं नव्हतं.

"बहिणीनं मोडीत घातलं न्हाई. वापरतबी न्हाई. फळीवर ठेवून ऱ्हायलीय तीस वर्सं," मावशी म्हणाल्या. "मी तिला आपल्या कपाटाचं सांगितलं. म्हणाली, घेऊन जा, पण लिवून घ्या म्हणावं."

मी वही उघडली. वस्तू, मापटं. कुणाची, बहिणीचं नाव. गाव, जुनं आणि नवं दोन्ही.

"कुठे सापडलं म्हणून लिहू?"

"तिसऱ्या दिवशी मातीतनं काढलं. मिलिटरीवाल्यांनी दगड उचलले तवा. आत जुंधळं होतं, तसंच."

मी लिहिलं. मग विचारलं, आणखी काही?

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. बाहेर मुलं ताटं धुत होती.

"लिवा, सैपाकघराच्या उंबऱ्यापाशी उजव्या अंगाला कोनाडा होता. त्यात ऱ्हायचं ते."